पाठीवरचा पंप उतरला, पण...

दसऱ्याला आपण झेंडूचा भाव विचारतो. त्यावर औषध मारणाऱ्याची विचारपूस करीत नाही. पाठीवर १६ लिटरचा पंप, तोंडाला ओला रुमाल, अशी फवारणी मी पुरंदरच्या शिवारात वर्षानुवर्षे पाहिली आहे. आता ड्रोन १० लिटरच्या टाकीत एकराचे काम दहाएक मिनिटांत उरकतो आणि माणूस विषारी तुषारांपासून दूर राहतो. मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये मात्र छत आडवे येते. तिथे अजून माणसालाच शिरावे लागते.

फुप्फुसे वाचली, हे उत्तमच. पण त्या माणसाची रोजीही गेली, त्याचे काय? केंद्राने २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. चालवण्याचे शिक्षण देताना ज्यांच्या पाठीवर पंप होता, त्यांच्या घरांचा नंबर आधी लागावा, एवढेच माझे म्हणणे आहे.