कोरमंगला : तळघरातले पाणी आणि वीज

बेंगळुरूच्या कोरमंगला परिसरातील एस. टी. बेड ही वसाहत श्रीनिवागिलू तलावाच्या जुन्या पात्रात वसलेली असल्यामुळे, राजकालुवे, म्हणजे एका तलावाचे पाणी दुसऱ्या तलावाकडे नेणारे मोठे नाले, तुंबले की पाणी प्रथम तळघरांत शिरते. मे २०२५ मध्ये जवळच्या बीटीएम लेआउटमधील एका इमारतीच्या तळघरातून पाणी उपसताना विजेचा धक्का बसून दोघांचा मृत्यू झाला. म्हणूनच घर असो वा कार्यालय, पावसाळ्यापूर्वीच मुख्य स्विच व इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर हलवून, वीजगळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी हे उपकरण बसवून घ्यावे आणि औषधे, कागदपत्रे, पिण्याचे पाणी उंचावर ठेवावे. साचलेल्या पाण्यात उतरण्याआधी बेस्कॉम या वीज कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर कळवून वीजपुरवठा बंद करून घ्यावाच.