कंट्रोलचा तांदूळ आणि आमची पिढी

आमच्या झाडीपट्टीत जुनी माणसे रेशनच्या दुकानाला आजही 'कंट्रोल' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्यावर सरकारी नियंत्रण आले. १९४३ साली, बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मरत असताना, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. त्या काळातला हा इंग्रजी शब्द खेड्यापाड्यांत उतरला आणि तिथेच राहिला. "आज कंट्रोल उघडला काय?" हा प्रश्न आमच्या बौद्ध मोहल्ल्यात पावसाच्या चौकशीइतक्याच नेमाने विचारला जाई. माझी आई हातातले बिडीचे सूप बाजूला सारून मला पिटाळायची, "जा बापू, लाइन धर." लाइन धरणे हे माझे पहिले सामाजिक शिक्षण. शाळेतले त्यानंतरचे.

हे आठवणींसाठी लिहीत नाही. सरकारी धान्यावर वाढलेल्या माणसाला आज उघडपणे 'फुकट्या' म्हटले जाते. आपल्यातली शिकलेली, नोकरीत स्थिरावलेली मुलेसुद्धा कधी कधी त्याच सुरात बोलतात. म्हणून या धान्याने आपल्या घरांत नेमके काय केले, याची मांडणी कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी एकदा नीट करून घेतली पाहिजे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. धानाचा जिल्हा, तलावांचा जिल्हा, भातगिरण्यांचा जिल्हा अशी त्याची ओळख. धान पिकवतो तो शेतकरी, हे पुस्तकातले वाक्य झाले. चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या, कापणी करणाऱ्या, चुरणीला राबणाऱ्या बाया बहुतांशी भूमिहीन किंवा एकदीड एकराच्या धनी. त्यांच्या घरात तांदळाची तंगी कधी पडायची? आषाढ ते भाद्रपद. म्हणजे अगदी रोवणीच्या व निंदणीच्या दिवसांत, जेव्हा शरीराला सर्वांत जास्त अन्न लागते तेव्हाच. मागच्या सुगीचे धान संपलेले, पुढचे अजून उभे. या तीन महिन्यांत मोठ्या शेतकऱ्याच्या कोठीतून उसने धान आणावे लागे. सुगीत ते दिढीने फेडायचे, म्हणजे एका पायलीला दीड पायली. शिवाय रोवणी आधी त्याच्या बांधीत करायची, तो देईल त्या मजुरीवर. ही अट कुठे लिहिलेली नसे, पण ती मोडायची कोणाची छाती नव्हती. घरात चूल पेटायची तर त्याच्या दारात उभे राहणे भाग होते.

या ठिकाणी कंट्रोलचा तांदूळ मध्ये पडला. त्याला वास येत असे, त्यात खडे असत, तो पुरतही नसे. पण तो सावकाराच्या कोठीतून येत नव्हता. महिन्याचे दहापंधरा दिवस जरी घरचे भागले, तरी आई "यंदा एवढ्यात नाही परवडत" असे म्हणू शकत होती. आमच्या गावात रोवणीची मजुरी वाढली ती कोणाच्या भाषणाने वाढली नाही; बाया दोन दिवस घरी बसू शकल्या म्हणून वाढली. 'धान्य फुकट मिळते म्हणून मजूर मिळत नाहीत' ही बागायतदारांची आजची तक्रार ऐकली की मला नेहमी वाटते, हे गृहस्थ नकळत अगदी खरे बोलत आहेत. त्यांच्या तक्रारीचा सरळ अर्थ एवढाच की उपाशी मजूर स्वस्त पडत होता.

आता एक अवघड मुद्दा. मागून खाणे आपल्या समाजाने लढून सोडले. गावकीच्या बदल्यात घरोघर फिरून शिळे तुकडे गोळा करायचे, ही व्यवस्था अन्न देत होती आणि त्याच हाताने माणूसपण काढून घेत होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस व शिळे तुकडे सोडा असे बजावले, ते पोटाची चिंता नव्हती म्हणून नव्हे. मग सरकारने दिलेले धान्य ही त्याच तुकड्यांची नवी आवृत्ती नाही काय? हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने भर सभेत विचारला होता, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

फरक देणाऱ्याच्या मर्जीत आहे. तुकडा मर्जीने मिळत असे, म्हणून तो घेणारा वाकत असे. शिधा नोंदलेल्या नावावर, ठरलेल्या मापाने, ठरलेल्या दराने मिळायला हवा, आणि न मिळाल्यास जाब विचारता यायला हवा. तो हक्क म्हणून मागायची परंपरा आपल्या चळवळीत जुनी आहे. १९६४ साली रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान शास्त्रींकडे जी दहा मागण्यांची सनद दिली, तिच्यात संसदेतील बाबासाहेबांचे चित्र होते, कसणाऱ्याला जमीन व भूमिहीनांना पडीक जमीन होती. आणि त्याच यादीत धान्याचे पुरेसे वाटप व महागाईवर नियंत्रण हीही मागणी होती. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, लोकांनी तुरुंग भरले. आपण जमिनीचा सत्याग्रह म्हणून त्याचे स्मरण करतो ते योग्यच. धान्याची मागणी मात्र आपल्याच भाषणांतून गळून गेली आहे. राज्यघटनेचे ४७ वे कलमही सांगते की लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे एक प्राथमिक कर्तव्य आहे. कर्तव्य कोणावर आहे हे एकदा स्पष्ट झाले की भीक हा शब्द तिथे बसत नाही.

अर्थात धान्याचा दर्जा पाहून सरकारच्या मनातला दर्जाही कळत असे. १९७२ च्या दुष्काळाचा मुख्य तडाखा मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्राला बसला, पण अमेरिकेतून आलेला लाल मिलो आमच्याही कंट्रोलवर पोचला. तिकडे तो जनावरांना घालतात हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. भात खाणाऱ्या बायांना त्याची भाकर थापता येईना. माझ्या आजीने तो भरडून त्याची आंबील केली आणि आम्ही ती नाक मुरडत प्यालो. त्याच काळात दुष्काळी कामांवर आणि अनेक शाळांत सुकडी वाटत. गव्हाचे पीठ, गूळ, तेल यांचा तो भुगा. मुले ती कागदात बांधून घरच्या लहान भावंडासाठी नेत. हे खाद्यकार्यक्रमाच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही. एका मुलाच्या नावाचे अन्न घरात तीन ठिकाणी वाटले जाते. घर गरीब असेल तर असेच होणार.

दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वस्त म्हणून जे मजुराच्या ताटात येते, ते नेहमी निर्धोक नसते. धान निघाल्यावर त्याच बांधीत लाखोळी घेतात. या लाखोळीची डाळ सतत, मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडतात. १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. मूठभर लाखोळी वरणात टाकणाऱ्या सधन घराला तिचा धोका नाही. ज्याला दुसरे काही मिळतच नाही त्याला आहे. म्हणून नुसते पोट भरले की नाही एवढा प्रश्न कधीच नव्हता, कशाने भरले हाही होता.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत अंगणवाडीची योजना सुरू झाली. १९९७ साली 'लक्ष्याधारित' वाटप आले आणि गरिबांची दारिद्र्यरेषेने वाटणी झाली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशी तीन रंगांची कार्डे निघाली. म्हणजे आमचा जिल्हा आणि हे तीन रंग एकाच दिवशी जन्मले. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळे. पंधरा हजार एक रुपया मिळवणारा माणूस एका रात्रीत गरीब राहिला नाही. या रंगांनी मोहल्ल्यातली घरे एकमेकांपासून जेवढी तोडली तेवढी पक्षांच्या गटबाजीनेही तोडली नसतील.

२००१ साली सरकारी गोदामांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य पडून होते आणि राजस्थानात माणसे उपाशी होती. त्यावर लोकस्वातंत्र्य संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने धान्याच्या योजनांना कायदेशीर हक्काचे रूप दिले, आणि सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत कोरडे तांदूळ न वाटता शिजवलेले अन्न द्या असे सांगितले. त्याआधी, १९९५ पासून, ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य मिळे. मी तेव्हा शाळेत शिक्षक होतो. महिन्याअखेर मुले पिशव्या घेऊन येत आणि तांदूळ घेऊन जात. त्या दिवशी वर्ग भरगच्च आणि दुसऱ्या दिवशी ओस. शिजलेली खिचडी आल्यावर चित्र पालटले. घरून उपाशी येणारी मुलगी दुपारपर्यंत थांबू लागली, आणि दुपारपर्यंत थांबलेली मुलगी बहुधा संध्याकाळपर्यंत थांबते.

पण खिचडीचे खरे महत्त्व पंगतीत आहे. सगळ्या जातींची मुले एका पातेल्यातले खातात, आणि ते कोण शिजवते हा प्रश्न उभा राहतो. २० एप्रिल २००४ च्या आदेशात न्यायालयाने स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्या असे म्हटले. हे सहजासहजी पचणारे नव्हते. डॉ. सुखदेव थोरात व जोएल ली यांचा पाच राज्यांतील ५३१ खेड्यांच्या पाहणीवरचा लेख २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० टक्के गावांतून दलितांना त्याच पैशात कमी माप मिळते अशी माहिती आली, २८ टक्के गावांतून जादा दर घेतला जातो अशी. महाराष्ट्र त्या पाच राज्यांत नव्हता. म्हणून आपण निर्धास्त व्हावे असे नाही. मी स्वतः एका शाळेत पाहिले आहे की बौद्ध बाई शिजवू लागल्यावर काही मुले अचानक घरून डबा आणू लागली. कोणी काही बोलले नाही. दोन महिन्यांनी, डबा आणण्याचा कंटाळा आल्यावर, तीच मुले पुन्हा ताटे घेऊन बसली.

या अन्नाचा परिणाम केवळ त्या मुलापुरता राहत नाही, हे आता अभ्यासांतूनही दिसते. शाळेत मध्यान्ह भोजन मिळालेल्या मुली पुढे आई झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांत वाढ खुंटण्याचे प्रमाण कमी आढळले, असे भारतातील आकडेवारीवर आधारलेले एक संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून एकेका परगण्यात फूड स्टॅम्प सुरू झाले. ज्यांना बालपणी त्यांचा लाभ झाला ती माणसे मोठेपणी अधिक निरोगी निघाली, आणि बाया स्वतःच्या पायांवर उभ्या राहण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे एका पिढीच्या ताटातले दुसऱ्या पिढीच्या हाडांत उतरते. तरीही काटकसरीची कात्री प्रथम इथेच चालते. महाराष्ट्रात २०२३ साली शाळेत आठवड्याला एक अंडे देणे सुरू झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून झाली. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचे नाव, ही त्यातली तरतूद फारशी कोणी उच्चारत नाही. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईला विचारा तिचे मोल. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या घराला २५ किलो. भात खाणाऱ्या, अंगमेहनत करणाऱ्या घराला महिन्याला साठ किलो तरी लागतात, म्हणजे निम्म्याहून कमीच. बाजारात तांदूळ किलोला ३० रुपये धरला, तर वाचले ७५० रुपये. एवढ्यात मुलीचा बसचा पास निघतो, वह्या येतात, कधी अर्धा किलो मासळी. 'फुकटेपणा' म्हणतात तो हा एवढा.

कार्यकर्त्यांपुढचे आजचे काम वेगळे आहे. महाराष्ट्रातील लाभार्थ्यांची संख्या सात कोटींच्या आसपास बांधलेली आहे, तीही २०११ च्या जनगणनेवरून. म्हणून सून घरात येते, नातू जन्मतो, आणि कार्डावर नाव चढता चढत नाही. मेलेल्याचे नाव मात्र तत्परतेने उतरते. शिवाय आता अंगठ्याचे यंत्र आहे. पन्नास वर्षे बिडी वळलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. आमच्या शेजारची एक म्हातारी गेल्या महिन्यात तीनदा जाऊन आली. यंत्राने तीनदा तिला ओळखले नाही. कायद्यात गावाच्या दक्षता समितीची तरतूद आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे. समितीत कोण कोण आहे हे तिने दुकानदाराला विचारले, तेव्हा तोही क्षणभर गोंधळला, कारण फलकावरची नावे पुसून गेली होती. चौथ्या दिवशी मी तिच्याबरोबर जाऊन अर्ज लिहून दिला आणि पोच घेतली. दर फेरीला तिची दीडदोनशे बिड्यांची मजुरी बुडत होती, तो हिशेबही अर्जात घातला आहे.