कळणे येथील जनसुनावणी व भाषेचा प्रश्न

लोकचळवळींचा अभ्यास करताना मोर्चे, निवेदने व न्यायालयीन लढे यांचा विचार पुष्कळ होतो. ज्या कागदपत्रांवर वाद चालतो ती कोणत्या भाषेत आहेत, हा प्रश्न मात्र गौण मानला जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाणविरोधी चळवळीचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत टिकत नाही.

पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनासंबंधी केंद्र शासनाने १४ सप्टेंबर २००६ रोजी काढलेल्या अधिसूचनेने भाषेविषयी दोन बंधने घातली आहेत. मूल्यमापन अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याच्या राजभाषेत अथवा स्थानिक भाषेत उपलब्ध असला पाहिजे. आणि जनसुनावणीच्या अखेरीस कामकाजाची नोंद वाचून दाखवून उपस्थितांस त्यांच्या भाषेत समजावून दिली पाहिजे. तात्पर्य, अनुवाद हे येथे सौजन्य नसून कार्यपद्धतीचे अंग होय.

दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीसाठी २० सप्टेंबर २००८ रोजी सुनावणी ठेवण्यात आली, तेव्हा मराठी अहवाल ग्रामस्थांच्या हाती आलेला नव्हता. त्यांनी विरोध केला. पुढे मराठी अहवाल उपलब्ध झाल्यावर ११ ऑक्टोबर रोजी पुन्हा सुनावणी झाली व शेती, बागायत आणि पाणी यांवरील संकटाविषयी आक्षेप मांडले गेले. तरीही १७ मार्च २००९ रोजी केंद्राने पर्यावरणीय मंजुरी दिली. हा घटनाक्रम माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने आपल्या अहवालात नमूद केला आहे. भाषेच्या आग्रहाने ग्रामस्थांना बोलता आले. त्यांचे ऐकले जाईलच, अशी हमी मात्र त्याने दिली नाही.

या समितीच्या अहवालाची गतीही बोधप्रद आहे. तो ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. परंतु केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यानंतरच मे २०१२ मध्ये तो लोकांपुढे आला. पुढे राज्य शासनाने प्रसृत केलेला मराठी सारांश मूळ अहवालाचा विपर्यास करणारा आहे, असा आक्षेप स्वतः गाडगीळ यांनी घेतला. अनुवादाचा अभाव अज्ञान निर्माण करतो. सदोष अनुवाद गैरसमज निर्माण करतो, आणि गैरसमज दूर करणे अधिक कठीण असते.

हा प्रश्न एका जिल्ह्यापुरता नाही. नव्या अधिसूचनेचा २०२० सालचा मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला होता.

येथे आणखी एक स्तर ध्यानात घ्यावयास हवा. सिंधुदुर्गातील शेतकरी आपले म्हणणे बहुधा मालवणीत मांडतो; त्याची नोंद प्रमाण मराठीत होते व मंजुरीचा निर्णय इंग्रजीत लिहिला जातो. तो ‘व्हाळ’ म्हणतो, तेव्हा त्याला उन्हाळ्यात बागेला पाणी देणारा विशिष्ट ओहोळ अभिप्रेत असतो. अहवालात त्याचा ‘जलप्रवाह’ झाला की पाण्याशी असलेला बागेचा संबंध लुप्त होतो, आणि आक्षेपाचे बळही कमी होते.

यास्तव जमीन, पाणी व झाडे यांविषयीच्या मालवणी शब्दांचा अर्थनिर्देशासह संग्रह करणे, हे केवळ बोलीविज्ञानाचे कार्य राहत नाही. सुनावणीच्या नोंदी तपासण्याचे ते एक साधन ठरू शकेल. असे साधन सिद्ध करणे विद्यापीठीय भाषाविभागांच्या आवाक्यातील आहे.