कुलूपबंद नट आणि हरवलेली किल्ली

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात असलेले हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः पैंजणांसाठी, देशभर प्रसिद्ध आहे. शेजारच्या रेंदाळ, यळगूड आदी गावांतही या व्यवसायावर अनेक कुटुंबांची गुजराण चालते. तयार माल घेऊन व्यापाऱ्यांना वारंवार परगावी जावे लागते. अशा प्रवासात आडवाटेला, रात्रीच्या वेळी मोटारीचे चाक पंक्चर व्हावे आणि ते काढताच येऊ नये, ही आपत्ती साधी नव्हे. अलीकडे अशी वेळ एका लहानशा वस्तूमुळे येते. ती वस्तू म्हणजे चाकाचा कुलूपबंद नट.

मिश्रधातूची चाके महाग असतात व त्यामुळे ती चोरीस जातात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाच्या चार किंवा पाच नटांपैकी एक नट वेगळ्या घडणीचा बसविला जातो. त्याच्या माथ्यावर षट्कोनाऐवजी वेडीवाकडी खाच कोरलेली असते आणि तिच्यात नेमका बसणारा लहानसा जोडतुकडा, म्हणजेच त्याची किल्ली, मध्ये घातल्याखेरीज नेहमीचा पाना चालत नाही. काही युरोपीय बनावटीच्या मोटारींत नटाऐवजी बोल्ट असतो. तत्त्व मात्र तेच.

किल्ली सापडत नाही असे दिसताच हातोडा उचलण्याचे कारण नाही. डिक्कीतील स्टेपनीखालची पोकळी, जॅकची पिशवी व पुढील खण ही ठिकाणे प्रथम पाहावीत. ज्या दुकानात शेवटचे टायर बदलले तेथेही विचारावे, कारण किल्ली पान्याला अडकून तेथेच राहणे ही नित्याची गोष्ट आहे. नटांसोबत मिळालेल्या कार्डावर सांकेतिक क्रमांक असल्यास त्यावरून दुसरी किल्ली मागविता येते. अधिकृत विक्रेत्यांच्या कार्यशाळेत बहुधा विविध खाचांच्या किल्ल्यांचा संच असतो. वेळ हाताशी असेल तर हाच मार्ग उत्तम.

तोही मार्ग बंद झाल्यास बळाचा उपाय उरतो. वाहन सपाट, कठीण जमिनीवर उभे करून हातब्रेक लावावा, चाकांना पाचर द्यावी आणि चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट सैल करावा. जॅकवर उचललेल्या मोटारीला हिसके देणे जिवावर बेतू शकते. अन्य नट या वेळी घट्टच ठेवावेत. ते आधी काढले तर सारा ताण एकट्या कुलूपबंद नटावर येतो व तो अधिकच आवळून बसतो. त्यानंतर नटाच्या बाहेरील व्यासापेक्षा किंचित लहान, बारा कोनी जुना सॉकेट त्यावर हातोड्याने ठोकून बसवावा आणि लांब दांड्याच्या पान्याने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने स्थिर जोर द्यावा. कडक पोलादाच्या ठिकऱ्या उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. बेताने ठोकावे, जबर घाव चाकाच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतात. सॉकेटमध्ये रुतून बसलेला नट नंतर मागच्या चौकोनी छिद्रातून पंच घालून ठोकल्यास निघतो. या कामासाठी आतून उलट पीळ दिलेले खास सॉकेटही मिळतात. जोर वाढेल तसतसे ते नटात रुततात.

काही नटांभोवती मोकळी फिरणारी कडी असते. तिच्यावर सॉकेट ठोकला तरी कडीच फिरते, नट जागचा हलत नाही. असे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवावे.

नटावर दुसरा नट वेल्डिंगने जोडून तो फिरविण्याची युक्तीही प्रचलित आहे. तिच्यातील धोका हुपरीच्या कारागिरांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही, कारण भट्टीशी त्यांचा रोजचा संबंध आहे. चांदी सुमारे 962 अंश सेल्सियसला वितळते, तर शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना. चाकाचा मिश्रधातू तर त्याहूनही आधी मऊ पडतो. पोलादी नट रसरशीत लाल दिसू लागतो तोवर शेजारच्या ॲल्युमिनियमचे बळ गेलेले असते आणि ते वितळण्यापूर्वी रंग बदलून इशाराही देत नाही. शिवाय उष्णतेने टायर फुटण्याची भीती असते. हा उपाय शेवटचा समजावा, आणि तोही कार्यशाळेतच, टायरमधील हवा सोडून व बॅटरीची जोडणी काढून.

नट निघाल्यावर आटे तपासावेत. नवा नट त्याच आट्यांचा आणि त्याच बैठकीचा हवा. शंकूच्या आकाराच्या बैठकीत गोल बैठकीचा नट बसविल्यास चाक पुरते धरले जात नाही. आवळणी टॉर्क पान्याने, मोटारीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार करावी. लहान मोटारींसाठी ते बहुधा 90 ते 120 न्यूटन-मीटर असते. शंभरेक किलोमीटर प्रवासानंतर ती पुन्हा पाहावी.

पंक्चरच्या दुकानात पुष्कळदा हवेच्या दाबावरील यंत्राने नट झटक्यात काढले जातात. कुलूपबंद नटाची खाच व किल्ली या झटक्यांनीच झिजते किंवा फुटते. तो नट हातानेच काढावा, असे वाहनधारकाने आधी सांगावे आणि काम संपताच किल्ली मागून घ्यावी. कारागिरानेही अनोळखी वाहनाचा असा नट काढण्यापूर्वी नोंदणीपत्र पाहिलेले बरे.