सपाट छपराची पातळ गोधडी

आमच्या रेडिंगच्या घराला मागच्या बाजूने एक छोटं एक्स्टेन्शन आहे. तीन मीटर बाय चार मीटरची एकच खोली, आधीच्या मालकांनी कधीतरी बांधलेली. वर सपाट छप्पर. माझी आई बार्शीहून आली की त्याच खोलीत राहते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत ती एका सकाळी म्हणाली, "अरे, रात्री छत गळलं बघ. उशी ओली झाली."

मी बाहेर जाऊन पाहिलं. पाऊस नव्हताच. आकाश निरभ्र, गवतावर पांढरं हिम. पुढच्या आठवड्यात दोन दिवस धो धो पाऊस पडला, तेव्हा मात्र छत कोरडं ठाक! मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या कामात चूक कुठे आहे हे शोधण्याआधी ती नेमकी केव्हा घडते हे लिहून काढतात. तसंच केलं, आणि लक्षात आलं की थेंब पडतात ते फक्त कडाक्याच्या थंडीच्या, स्वच्छ रात्री. म्हणजे पाणी वरून येत नव्हतं. ते खोलीतूनच वर जात होतं.

ते कसं? हवेत नेहमी थोडी वाफ असते. आपल्या श्वासातून, कुकरच्या शिट्टीतून, आत वाळत घातलेल्या कपड्यांतून ती वाढते. उबदार हवा जास्त वाफ धरून ठेवते, थंड हवा कमी. खोली २० अंशांवर असेल आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर ती हवा १२ अंशांपेक्षा थंड वस्तूला लागली की तिच्यातलं पाणी सुटायला लागतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तेच हे. आमच्या खोलीतली वाफ छताच्या फटींतून वर जायची, वरच्या गारठलेल्या प्लायला लागायची आणि थेंब होऊन परत खाली यायची.

छप्पर उघडलं तेव्हा प्लायच्या खालच्या बाजूला काळी बुरशी होती. तुळयांच्या मध्ये ५० मिमी जाडीची काचेची लोकर पसरलेली होती, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंचं इन्सुलेशन. ती ओली चिंब झाली होती. आता इन्सुलेशन म्हणजे काही जादू नाही. गोधडीत ऊब असते ती कापडाच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची. लोकरही तेच करते. पण हवेच्या जागी पाणी भरलं की ओल्या गोधडीत झोपल्यासारखं होतं.

छप्पर नवीन करायचं ठरलं, आणि मग एकच प्रश्न उरला: किती जाड? तुम्ही म्हणाल, जितकं जाड तितकं चांगलं. खरं आहे, पण आमच्या छपराच्या वर लगेच बाथरूमची खिडकी आहे. जुनं फेल्ट काढल्यावर लाकडी फळ्यांपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत फक्त २८० मिमी जागा होती. आणि सपाट छपराचा इथला जुना नियम असा की पाणी अडवणारा थर छपराच्या वर भिंतीला निदान १५० मिमी चढवलेला हवा. पाऊस आपटून उडतो, बर्फ साचतं, कधी पन्हळ तुंबून पाणी साठतं. म्हणून ही उंची सोडायची नाही. बाकी जे काय बसवायचं ते उरलेल्या १३० मिमीमध्ये.

म्हणून मी पातळ इन्सुलेशन शोधायला लागलो, आणि त्यासाठी दोन आकडे समजून घ्यावे लागले.

पहिला आकडा वस्तूचा. त्याला लॅम्डा म्हणतात. वस्तूतून उष्णता किती सहज जाते हे तो सांगतो, म्हणून तो जितका लहान तितकं बरं. काचेच्या लोकरीचा साधारण ०.०३७. पीआयआर नावाच्या कडक फोमच्या पाट्या मिळतात, त्यांचा ०.०२२. फिनॉलिक फोमचा ०.०२० च्या आसपास. एरोजेलचा ०.०१५. आणि सगळ्यात भारी म्हणजे निर्वात पॅनेल, साधारण ०.००७. या पॅनेलमधली हवाच काढून टाकलेली असते, थर्मासमध्ये असतं तसं. थर्मासची मूळ कल्पना लंडनचीच बरं का. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये काम करताना तसला चंबू बनवला होता.

दुसरा आकडा पूर्ण छपराचा, यू-व्हॅल्यू. एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निसटते ते यातून कळतं. इंग्लंडमधल्या बांधकाम नियमांच्या 'एल' भागानुसार नव्या एक्स्टेन्शनच्या छपराला हा आकडा ०.१५ किंवा कमी लागतो. जुन्या सपाट छपराचा निम्म्याहून जास्त भाग नव्याने करत असाल तर ०.१६. आमचं जुनं छप्पर, लोकर कोरडी आहे असं धरलं तरी, ०.५४ होतं.

गणित सोपं आहे. जाडी मीटरमध्ये घ्या आणि लॅम्डाने भागा. येतो तो त्या थराचा रोध. प्लाय, प्लास्टरबोर्ड, मधली हवा वगैरे मिळून आमच्याकडे साधारण ०.५ रोध आधीच होता. तो मिळवा आणि १ ला त्या बेरजेने भागा, की यू-व्हॅल्यू मिळाली. ०.१६ गाठायला एकूण रोध ६.२५ हवा, म्हणजे इन्सुलेशनचा ५.७५. त्यासाठी लोकर २१३ मिमी लागेल, पीआयआर १२७, एरोजेल ८६ आणि निर्वात पॅनेल फक्त ४०.

आईने हे सगळं ऐकून विचारलं, "मग माळवदासारखी माती का नाही टाकत?" प्रश्न काही चुकीचा नव्हता. आमचं बार्शीकडचं जुनं घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यातसुद्धा दुपारी आत गार. पण माती उष्णता अडवत नाही, ती साठवून ठेवते आणि उशिरा सोडते. दिवसा तापणं आणि रात्री निवणं असेल तिथे ही युक्ती चालते. इथे जानेवारीत दिवसाही थंडी आणि रात्रीही थंडी, मग साठवणार काय? कोरड्या मातीचा लॅम्डा ०.५ धरला तर ०.१६ साठी जवळजवळ तीन मीटर माती लागली असती! आई म्हणाली, "राहू दे मग."

एका बिल्डरने चांदीच्या कागदासारखं चकचकीत, अनेक पदरी इन्सुलेशन सुचवलं. पातळ आणि स्वस्त. असा कागद उष्णतेचे किरण परतवतो हे खरं, पण त्याच्या शेजारी स्थिर हवेची पोकळी असेल तरच. दोन फळ्यांमध्ये दाबून बसवला तर त्याचा उपयोग नुसत्या कागदाइतकाच. त्यामुळे वेष्टनावरचा आकडा कसा मोजला आहे, पोकळी धरून की नुसत्या वस्तूचा, हे विचारायला लाजू नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ माणसं गेली. आग मुख्यतः बाहेरच्या क्लॅडिंगमुळे पसरली, पण चौकशीच्या २०२४ च्या अहवालाने क्लॅडिंग आणि इन्सुलेशन बनवणाऱ्यांवर चाचण्यांबाबत दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. आमचं छप्पर एकमजली आहे, तिथला धोका वेगळा. तरी फोम जळतो, हे डोक्यात ठेवूनच मी चाचणीचे कागद मागून वाचले.

निर्वात पॅनेल मोहात पाडणारं होतं. पण ते कापता येत नाही, आणि त्यात एक खिळा घुसला की निर्वात गेला. वर किंमत कितीतरी पट. एरोजेलही महागच.

मग मी वॅटमध्ये मोजलं. खोली १२ चौरस मीटर, आत २० अंश, बाहेर शून्य. इन्सुलेशन काहीच नसेल तर छपरातून ४८० वॅट जातात. ५० मिमी पीआयआर घातलं की ८७. १०० मिमीला ४८. १३० मिमीला ३७. पाहिलंत? पहिल्या ५० मिमीने जवळजवळ चारशे वॅट वाचवले, शेवटच्या तीसने अकरा. १३० मिमी पीआयआर, १८ मिमीची फळी आणि वरचा रबराचा थर घातला असता तर खिडकीखाली १३० मिमीच उरले असते. १०० मिमी घेतलं तर १६०. अकरा वॅटसाठी खिडकीतून पाणी आत घेणं मला पटेना. बिल्डिंग कंट्रोलच्या अधिकाऱ्यांना आधी फोन केला. भिंतीलगतची उंची कमी पडत असेल तर थोडी सवलत देण्याची सोय त्याच नियमांत आहे, आणि ती आम्हाला मिळाली. न विचारता केलं असतं तर मात्र पंचाईत झाली असती.

पण आईची उशी कोरडी राहिली ती जाडीमुळे कमी आणि जागेमुळे जास्त. जुनी लोकर फळ्यांच्या खाली होती, म्हणून फळ्या थंड. अशा रचनेत लोकरीच्या वर ५० मिमी पोकळी आणि तिच्यातून आरपार वारा लागतो. आमची एक बाजू घराच्या भिंतीला चिकटलेली, वारा जाणार कुठून? नव्या छपरात क्रम उलटा केला. आधी फळ्या, त्यावर वाफ अडवणारा थर, त्यावर पीआयआर आणि सगळ्यात वर पाणी अडवणारा थर. आता फळ्या खोलीइतक्याच उबदार राहतात आणि वाफेला थंड जागा सापडतच नाही. आईसाठी मी एवढंच म्हटलं: गोधडी तीच, आधी छपराच्या खाली होती, आता छपराने ती अंगावर घेतली आहे.

करून बघा: याच खोलीवर ७५ मिमी पीआयआर घातलं, तर छपरातून किती वॅट जातील? उत्तर ६१ च्या आसपास आलं पाहिजे. मग तुमच्या घरात हिवाळ्यात सकाळी कोणत्या भिंतीला किंवा काचेला घाम येतो ते आठवडाभर लिहून ठेवा, आणि आदल्या रात्री आकाश कसं होतं तेही.