घाबरलेल्या बोटांसाठी
भीतीने हात थरथरतात, नजर एकाच गोष्टीवर खिळते, रोजचा पासवर्डही आठवत नाही. अशा वेळी मेन्यू उघडून पर्याय कोण शोधत बसणार? केंद्र सरकारने २०१६ साली मोबाइलवरून तातडीने मदतीचा फोन लावणाऱ्या पॅनिक बटणाचे नियम केले, त्यात हे भान दिसतं. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा. स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबायचं. कीपॅडच्या ५ वर बारीकसा उंचवटा असतो, त्यामुळे तो खिशातल्या खिशात, न बघताही बोटाला सापडतो. मला ही निवड फार आवडते. पण सोपं बटण चुकूनही दाबलं जातंच! म्हणून बरेच स्मार्टफोन आधी काही सेकंद उलटी मोजणी करतात. तेवढ्यात हा मदतीचा फोन रद्द करता येतो.