हलके चाक : रीपॅकच्या उतारापासून दुसऱ्या चाकजोडीपर्यंत

एका सायकलीसाठी चाकांच्या दोन जोड्या ठेवण्याची पद्धत माउंटन बाइकपेक्षा बरीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील क्लबांचे सायकलस्वार रविवारच्या शर्यतीला घरून सायकल चालवतच जात. रस्त्याचे खड्डे आणि पंक्चर सोसणारी दणकट चाके त्या वेळी सायकलीला लावलेली असत, तर शर्यतीची हलकी चाके पुढच्या आसाजवळ बसवलेल्या खास कड्यांना दोन्ही बाजूंना अडकवून नेली जात आणि शर्यतीच्या जागी पोहोचल्यावर चाके बदलली जात. रोजचा मार एका जोडीने खावा आणि नाजूक, वेगवान काम दुसरीने करावे, ही कामाची वाटणी त्या पद्धतीच्या मुळाशी होती. डोंगरातील पायवाटांवर चालणाऱ्या सायकलीला हीच वाटणी परवडू लागेपर्यंत मात्र बराच काळ जावा लागला, कारण प्रारंभीच्या त्या सायकलीला एक धड चाक मिळणे हेच कठीण होते.

कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात, 21 ऑक्टोबर 1976 रोजी रीपॅक नावाची उताराची पहिली शर्यत झाली. त्या मार्गाची लांबी सुमारे 3.3 किलोमीटर आणि उतार सुमारे 400 मीटरचा होता, आणि गॅरी फिशर यांचा 4 मिनिटे 22 सेकंदांचा विक्रम तेथे अखेरपर्यंत टिकला. स्पर्धकांच्या सायकली म्हणजे श्विन कंपनीच्या जुन्या, लहान मुलांनी वर्तमानपत्रे वाटण्यासाठी वापरलेल्या धाटणीच्या सायकली होत्या, ज्यांचे वजन सहज 20 किलोंच्या वर जाई. त्यांच्या पोलादी रिमांवर 26 इंच व्यासाचे आणि 2.125 इंच रुंदीचे फुगीर टायर असत, आणि मागच्या चाकाच्या तुंब्यातच, म्हणजे हबमध्ये, उलटे पेडल मारून लावायचा ब्रेक असे. उतारावर हा ब्रेक इतका तापे की आतील वंगण जळून जाई आणि दर फेरीनंतर हब उघडून नवे वंगण भरावे लागे. वंगण पुन्हा भरण्याच्या या कामाला इंग्रजीत जे म्हणतात, त्यावरूनच उताराला रीपॅक हे नाव मिळाले. माउंटन बाइकच्या इतिहासातील पहिले प्रसिद्ध नाव चाकाच्या एका दोषावरून पडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जो ब्रीझ यांनी 1977 मध्ये या खेळासाठी मुद्दाम घडवलेली पहिली चौकट तयार केली, तरी त्या सायकलीची चाके पोलादाचीच राहिली. खरा फरक दशकाच्या अखेरीस पडला, जेव्हा आराया यांसारख्या जपानी उत्पादकांच्या 26 इंची अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा उपलब्ध झाल्या. बैलगाडीच्या चाकाला जसा पाट्यांचा घेर आणि त्यावर लोखंडी धाव असते, तसा सायकलीच्या चाकाला रिमचा घेर आणि त्यावर टायर असतो, आणि हा घेर आसापासून सर्वांत दूर असल्यामुळे तेथील प्रत्येक ग्रॅम फिरवायला जड जातो. रिम पोलादाची जाऊन अ‍ॅल्युमिनियमची येण्याने केवळ वजन उतरले असे नाही, तर रिमला घासणारा ब्रेक ओल्या वाटेवरही बऱ्यापैकी धरू लागला. पोलादी रिमवर पाणी पडले की असा ब्रेक जवळजवळ निकामी होतो, हा अनुभव भारतातील जुन्या काळ्या सायकली पावसाळ्यात चालवलेल्यांना सांगण्याची गरज नाही.

तरीही या रिमा रुंद आणि जाड होत्या. 1980च्या दशकात सांताक्रूझ येथील कीथ बाँट्रेगर यांनी त्यावर काढलेला उपाय त्या काळाची वृत्ती दाखवतो. माविक या फ्रेंच कंपनीच्या रस्त्यावरील सायकलींसाठी बनवलेल्या मोठ्या व्यासाच्या, हलक्या आणि मजबूत रिमा घेऊन त्यांनी त्यांचा एक तुकडा कापून काढला, उरलेला घेर पुन्हा वळवून 26 इंचाला बसेल असा केला आणि टोके जोडली. बाजारात जे नव्हते ते अशा रीतीने हातांनी घडले, आणि डोंगरातल्या सायकलीला अरुंद रिम पुरते हे स्पर्धकांना पटले. पुढे हाच अरुंदपणा दोन दशकांहून अधिक काळ टिकून राहिला, आणि तो मान्य करण्यात या खेळाची चूक झाली असे आज म्हणावे लागते.

1990 मध्ये अमेरिकेतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. या दोन घटनांमधली वर्षे वजन कमी करण्याच्या ध्यासाची होती. स्पर्धक जॉन टोमॅक यांच्या सायकलीचे मागचे चाक तारांऐवजी ताणलेल्या तंतूंच्या चकतीचे होते आणि ते वाटेवर ढोलासारखे वाजे, पण तो प्रयोग मागे पडला. टिकली ती त्यापेक्षा साधी गोष्ट, म्हणजे कारखान्यातच तारा ओढून, पूर्ण बांधून विकले जाणारे चाक. तोवर हब एकाचे, रिम दुसऱ्याची, तारा तिसऱ्याच्या घेऊन कारागीर चाक बांधत असे आणि ते लचकू लागले, आपल्याकडच्या दुकानदारांच्या शब्दांत ‘आउट’ झाले, की तोच ते सरळ करी. माविकने 1990च्या दशकाच्या मध्यावर क्रॉसमॅक्स या नावाने तयार चाकांची जोडी बाजारात आणली. अशा तयार जोड्यांमुळे चाकजोडी, ज्याला सायकलस्वार व्हीलसेट म्हणतात, ही स्वतंत्रपणे विकत घेण्याची वस्तू झाली, आणि सर्वसामान्य हौशी स्वाराला दुसऱ्या जोडीचा विचार करणे शक्य झाले ते येथून पुढे.

याच सुमारास चकतीचे ब्रेक, म्हणजे डिस्क ब्रेक, रूढ होऊ लागले. रिमला घासणाऱ्या ब्रेकमुळे रिमची भिंत झिजून पातळ होई आणि कधी हवेच्या दाबाने फुटेही, म्हणून भिंतीत जादा धातू ठेवावा लागे. ब्रेक हबजवळ गेल्यावर त्या धातूची गरज संपली, रिम झिजणारा भाग राहिली नाही, आणि उष्णता सोसण्याच्या कामातून ती मोकळी झाली. मात्र ब्रेकचा पीळ आता हबमधून तारांवाटे रिमपर्यंत जाऊ लागला, म्हणून तारा हबमधून सरळ बाहेर नेण्याऐवजी एकमेकींना छेदून, तिरप्या बांधणे अनिवार्य झाले. हलक्या चाकात तारांची संख्या 32 वरून 28 वर आणता येते, पण तारांची ही तिरपी मांडणी टाळता येत नाही.

तथापि या संपूर्ण काळातला सर्वांत मोठा बदल धातूत झाला नाही, तो हवेत झाला. माविकने हचिन्सन आणि मिशलिन या टायर उत्पादकांच्या सहकार्याने 1999 मध्ये ट्यूबविरहित टायरची पद्धत आणली, ज्यात टायरची कड रिमच्या खाचेत घट्ट बसते आणि रिमला आतून भोके नसल्यामुळे हवा निसटत नाही. ही पद्धत विश्वासार्ह होती, पण तिचे टायर जड होते. 2001 मध्ये स्टॅन कोझियाटेक यांनी अमेरिकेत स्थापन केलेल्या नोट्यूब्ज कंपनीने वेगळी वाट धरली आणि साध्या रिमवर हवाबंद पट्टी चिकटवून, साध्या हलक्या टायरमध्ये चिकासारखा द्रव ओतून तीच गोष्ट साधली. भोक पडले की हा द्रव, ज्याला सीलंट म्हणतात, तेथे थिजतो. ट्यूब गेल्याने 29 इंची चाकामागे साधारण 200 ग्रॅम वाचतात आणि द्रवाचे 80 ते 100 ग्रॅम परत येतात, म्हणजे वजनाची निव्वळ बचत फार नाही. खरा लाभ असा, की दगडावर आपटून ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटण्याचे पंक्चर संपल्यामुळे टायरमधला दाब 40 पौंडांच्या आसपासवरून 25 पौंडांच्या आत आणता आला, आणि कमी दाबाचा टायर दगडाशी भांडण्याऐवजी त्याच्यावर बसू लागला. दख्खनच्या पठारावर बाभळीच्या काट्यांनी हैराण होणाऱ्या स्वाराला या शोधाचे मोल कोणत्याही हलक्या रिमपेक्षा अधिक वाटावे.

व्यासाचा वाद येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. रिमवर टायर जेथे बसतो तेथील व्यास 26 इंची चाकात 559 मिलीमीटर आणि 29 इंची चाकात 622 मिलीमीटर असतो, आणि या दोहोंमधल्या 584 मिलीमीटरच्या चाकावर स्पर्धक निनो शुर्टर यांनी 2012 मध्ये पीटरमारित्झबर्ग येथील विश्वचषक शर्यत जिंकली. पण त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये 29 इंची चाकांवरच्या यारोस्लाव्ह कुल्हावी यांनी त्यांना मागे टाकले, आणि मोठे चाक अधिक जड असूनही खड्ड्यांवरून सुरळीत जाते या कारणाने ते स्थिरावले. वजनाच्या काट्यावर हरणारे चाक वाटेवर जिंकते, याचा हा ठळक पुरावा आहे. रुंदीचेही तसेच झाले. 17 ते 19 मिलीमीटर आतील रुंदीच्या रिमा मागे पडून गेल्या दशकात 30 मिलीमीटरच्या आसपासची रुंदी सर्वमान्य झाली, टायर कमी दाबात वळणावर लोळेनासा झाला, आणि या रुंदीमुळे वाढणारे वजन कार्बन तंतूंच्या रिमांनी भरून काढले.

हलकेपणाने नेमके काय मिळते, याचा हिशेब येथे मांडणे आवश्यक आहे. फिरणाऱ्या चाकाच्या घेरावरील वस्तुमान पुढेही सरकते आणि गोलही फिरते, म्हणून त्याला वेग देण्यासाठी चौकटीवरील तेवढ्याच वस्तुमानाच्या जवळपास दुप्पट ऊर्जा लागते. हबवरील वस्तुमानाला हा नियम जवळजवळ लागू होत नाही, कारण ते आसापाशी असते. यावरून चाकातला ग्रॅम दुप्पट मोलाचा असे सरसकट म्हटले जाते, परंतु ते वेग वाढवतानाच खरे आहे. एकसारख्या गतीने चढण चढताना तो ग्रॅम एका ग्रॅमइतकाच असतो. स्वार आणि सायकल मिळून 85 किलो धरले, तर घेरावरील 400 ग्रॅमची बचत अर्ध्या टक्क्याहून कमी भरते आणि अर्ध्या तासाच्या चढाला साधारण 8 सेकंद वाचवते. शर्यतीत 8 सेकंद मोठे असतात, रविवारच्या भटकंतीत नसतात. मग हलके चाक लावल्यावर सायकल बदलल्यासारखी का वाटते, याचे उत्तर चढाच्या वेळेत नाही. दगडांमधून थांबत-निघत जाताना, अरुंद वळणावर हँडल झटकन फिरवताना आणि पुढचे चाक उचलून पायरीवर ठेवताना घेराचे जडपण हाताला आणि पायाला पुन्हा पुन्हा जाणवते, आणि हलक्या चाकाने तेच जडपण जाते. ही जाणीव खोटी नाही, पण घड्याळात ती फारशी दिसत नाही.

या हिशेबातूनच पुढची गोष्ट निघते, की घेरावरचा सर्वांत जड भाग रिम नसून टायर आहे. 29 इंची अ‍ॅल्युमिनियमची रुंद रिम सुमारे 500 ते 550 ग्रॅम आणि कार्बनची 400 ते 450 ग्रॅम भरते, म्हणजे महागडी कार्बन रिम चाकामागे सुमारे 100 ग्रॅम वाचवते. याउलट जाड भिंतीचा उतारावरचा टायर 1200 ग्रॅम, पायवाटांवरचा मध्यम टायर 900 ग्रॅम आणि क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे लांब पल्ल्याच्या चढउतारांच्या शर्यतीचा टायर 700 ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे फक्त टायर बदलून चाकामागे 200 ते 500 ग्रॅम कमी होतात. दुसरी चाकजोडी घेण्याचे खरे कारण येथे आहे. ट्यूबविरहित टायर काढणे-घालणे हे चिकट, वेळखाऊ काम असल्याने कोणी दर शनिवारी टायर बदलत नाही, पण चाक बदलायला पाच मिनिटे पुरतात. पहिल्या जोडीवर जाड टायर कायम ठेवावेत आणि दुसरीवर हलके, अशी व्यवस्था केली तर 1900 ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियम जोडीऐवजी 1600 ग्रॅमची जोडी घेतल्याचा फरक टायरच्या फरकात मिसळून मोठा होतो. नुसती हलकी जोडी घेऊन तिच्यावर तेच जड टायर चढवणे म्हणजे पैशांचा अपव्यय आहे.

दुसरी जोडी सायकलीला बसण्यातच गेल्या पंधरा वर्षांनी अडथळे वाढवले. मागच्या हबची रुंदी 135 वरून 142 आणि 2014 नंतर बूस्ट या नावाने 148 मिलीमीटर झाली, पुढची 100 वरून 110 झाली. गिअरची चक्रे बसवण्याच्या भागाचेही शिमानो कंपनीचा जुना आणि नवा मायक्रो स्प्लाइन, तसेच स्रॅम कंपनीचा एक्सडी असे परस्परांना न बसणारे प्रकार झाले. पहिल्या जोडीशी हे सर्व जुळले तरी ब्रेकची चकती दोन्ही हबांवर मिलीमीटरच्या काही दशांशांनी वेगळ्या जागी येते आणि चाक बदलताच घासू लागते, तेव्हा चकतीखाली पातळ वॉशर घालून ती जागा एकदाच जुळवून घेणे इष्ट. झिजलेल्या गिअरचक्रांवर नवी साखळी घसरते, म्हणून दोन्ही जोड्यांची चक्रे एकाच वेळी नवी घेऊन आलटून-पालटून वापरावीत. पडून राहिलेल्या जोडीतला द्रव उन्हाळ्यात काही आठवड्यांतच वाळतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हलक्या चाकात पितळेऐवजी अ‍ॅल्युमिनियमची निपल, म्हणजे तारा आवळण्याच्या बारीक चकल्या, वापरून मिळणारे थोडे ग्रॅम कोकणासारख्या दमट हवेत गंजाने महाग पडतात. तेथे पितळच योग्य.

सह्याद्रीतल्या घाटवाटांवरचा काळा कातळ फुटून त्याचे धारदार तुकडे होतात आणि ते टायरच्या पातळ भिंती चिरतात. चिरलेली भिंत कोणताही द्रव सांधत नाही. अशा वाटांचा स्वार दुसरी जोडी हलकी घेऊ शकतो, किंबहुना त्यानेच ती घ्यावी, कारण त्याची पहिली जोडी जड असणे भागच आहे. पठारावरच्या मातीच्या वाटा, लांब चढ आणि कोरड्या ऋतूतली पायवाट यांसाठी मध्यम किमतीची, 28 तारांची, 30 मिलीमीटर रुंदीची अ‍ॅल्युमिनियम जोडी आणि तिच्यावर 700 ते 800 ग्रॅमचे टायर हा आज बहुतेकांसाठी सर्वांत शहाणा पर्याय ठरतो. ती जोडी घेताना जुनी जड जोडी मात्र विकू नये.